पेपरडाइनांची हुर्यो

गावचं पँटो, म्हणजे दर जानेवारीत हॉलमध्ये होणारं आरडाओरड्याचं विनोदी नाटक, यंदा मी लिहिणार, हे मला बाकीच्या समितीबरोबरच कळलं. हॉलमध्ये बैठक चालू होती. अध्यक्षबाई फेनेला हार्ग्रीव्ह यांनी "यंदा कोण लिहितंय?" असं विचारलं, आणि नेमक्या त्याच क्षणी, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या शेंड्यावर चढून बसलेल्या माझ्या लेकीला 'खाली उतर' अशी खूण करायला मी हात वर केला. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यानंतरही ज्याला हात खाली घेता येतो, तो माणूस आयुष्यात पुढे जातो. मी हात वर ठेवूनच हसले. खुर्च्यांवरून टॅबीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

घरी आल्यावर माझा नवरा डंकन म्हणाला, "अगं, त्यात लिहायचंय काय? गाय, भूत, मारामारी, लग्न. पोरं ओरडतात, म्हातारे झोपतात, झालं पँटो."

डंकनला सगळंच सोपं वाटतं, कारण काळजीचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. सहा वर्षांच्या मुलीला मी अजून द्राक्षं उभी चिरून देते. विद्यापीठात मध्ययुगीन इतिहास शिकल्यामुळे माणसं किती क्षुल्लक कारणांनी मरू शकतात, हे मला सविस्तर ठाऊक आहे.

पण लिहायला बसल्यावर मजा आली, हे खरं. नाटकाचं नाव 'सोन्याचा सलगम'. एक गरीब विधवा, तिची मुलगी, त्यांची गाय, परसात उगवलेला सोन्याचा सलगम, आणि तो लाटायला टपलेला दुष्ट बॅरन. विधवेचं काम, रिवाजाप्रमाणे, एखाद्या दाढीवाल्या पुरुषाने झग्यात फुगे भरून करायचं. डंकनने ते लगेच पत्करलं, इतकं लगेच की मी जरा बघतच राहिले. गाय दोन माणसांची: पुढच्या पायांत गावचे डॉक्टर, मागच्या पायांत पोस्टमन नॉर्मन. आणि बॅरन म्हणजे मिस्टर पेपरडाइन. बॅरन नेहमीच मिस्टर पेपरडाइन.

मिस्टर पेपरडाइन आमच्या लिटल हॅडरबीचे अंत्यविधीवाले. आता धंदा पुतण्या बघतो, पण ज्या घरातलं कुणी ना कुणी त्यांनी पोचवलेलं नाही असं घर गावात नाही. आमचा हॅमस्टरसुद्धा त्यांनीच पोचवला. टॅबी बुटांचं खोकं धरून अंगणात रडत होती. मिस्टर पेपरडाइन रस्त्याने चालले होते. ते थांबले, टोपी काढली, फाटक उघडून आत आले आणि त्या खोक्याच्या पुढे संथ पावलं टाकत गुलाबाच्या झुडपापर्यंत गेले, इतक्या गांभीर्याने की डंकन धावत आत जाऊन टाय बांधून आला. असा हा मऊ आवाजाचा, बुटांचा आवाज न करणारा माणूस जानेवारीत दोन दिवस काळा झगा चढवून रंगमंचावर यायचा, प्रेक्षकांना तोंडाला येईल ते बोलायचा, आणि अख्खा हॉल त्याची हुर्यो उडवायचा. पाय आपटून, शिट्ट्या मारून, कौलं हलतील अशी. टॅबी तर शरद ऋतूपासूनच सरावाला लागली होती. ताटात ब्रोकोली आली की हुर्यो. झोपायची वेळ झाली की हुर्यो. मी दिसले की हल्ली सहसा हुर्यो.

पहिला आक्षेप कुंपणावरून आला. शेजारच्या ग्लेनिस कपडे वाळत घालत होत्या.

"इमोजेन, राणी, एक बोलू का? रागावू नकोस हं."

रागावू नकोस म्हणणाऱ्यावर रागवायची सोय नसते.

"तुझ्या नाटकात विधवा आहे म्हणे. गरीब. आणि जराशी बावळट."

"हो, पण ते विनोदी आहे, म्हणजे शेवटी तीच—"

"आपल्या गल्लीत तीन विधवा आहेत, बाळा. मला धरून. मला काही वाटलं नाही हो. मी तर पोट धरून हसेन. पण एनिडला वाटेल."

"एनिड काही म्हणाल्या का?"

"छे! तिला अजून पत्ताच नाही. मी सांगितलं की वाटेल."

मी रात्रीतून विधवेचा नवरा जिवंत केला आणि कामासाठी परगावी पाठवला. तर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर ज्यांचे नवरे पंधरा-पंधरा दिवस असतात त्या बायकांचा निरोप आला, की आम्हाला काय टाकून दिलेल्या समजता का? मग नवऱ्याला परत आणला. पण घरात धडधाकट नवरा असताना ही बाई गरीब का, हा नवा प्रश्न निघाला, कारण तो आळशी आहे असं सुचवणं बेकारांवर अन्याय. शेवटी त्याला रंगमंचाच्या कोपऱ्यात एका खुर्चीत पेपर वाचत बसवून दिला. संवाद नाहीत, हालचाल नाही. तालमीला आलेल्या बायकांच्या मते अख्ख्या नाटकात तेवढंच एक पात्र खरं उतरलं होतं.

फेनेला वाईट बाई नाही, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटायचा संभव आहे. जिल्हा कचेरीत तिने वर्षानुवर्षं एकच काम केलं: कुणी दुखावलं जात नाही ना, हे बघायचं. निवृत्तीनंतर ते काम अंगावर राहून गेलं, जसं काहींच्या अंगावर गणवेशाचा ताठा राहतो. मान एका बाजूला कलती करून ती इतकं शांतपणे बोलते की नाही म्हणणं म्हणजे झोपलेल्या बाळाजवळ ताट पाडणं. तिला स्वतःला कुणी काही बोललेलं नसायचंच. कुणाला तरी कुणी तरी काही तरी बोललं तर काय होईल, याने ती आधीच घायाळ असायची.

"गायीबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली.

"गायीचं काय?"

"पुढे डॉक्टर. मागे पोस्टमन. दरवर्षी. हे आपण लहान मुलांना काय शिकवतोय, इमोजेन?"

मी नॉर्मनला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "मला मागेच बरं आहे. पहाटे उठून टपाल वाटायचं असतं, मागच्या अर्ध्यात वाकून जरा डुलकी लागते. शिवाय मला कमी ऐकू येतं, पुढे काय करू?"

फेनेलाने त्याच्या हातावर हात ठेवला. "त्यांना याची सवय झालीय," ती मला हळूच म्हणाली, "हेच तर दुःख आहे."

नॉर्मन पुढे गेला. डॉक्टर मागे गेले आणि वाकून वाकून त्यांची कंबर धरली.

एक सांगते, यातलं कुठलंही वाक्य एकेकटं घेतलं तर चूक नव्हतं. तीच तर गोची होती. गायीचं दूध तिला न विचारता काढणं बरं नव्हे, हे ऐकल्यावर तुम्ही काय म्हणाल? मी 'हो, खरंच की' म्हणाले आणि प्रसंग बदलला. आता मुलगी आधी गायीला विचारणार, "काढू का गं दूध?" गायीने मान डोलावली तरच काढणार. रंगमंचावरून पोरांवर गोळ्या-टॉफ्या उधळायचा रिवाज होता. त्या कुणाच्या डोळ्याला लागतील, कुणाच्या दाताला लागतील, कुणाला त्यातल्या दाण्यांचं वावडं असेल. मी मनुका सुचवल्या, पण मनुका घशात अडकतात, आणि हा मुद्दा मांडणारी बाई दुर्दैवाने मीच होते. शेवटी मुलांवर शुभेच्छा उधळायच्या असं ठरलं. म्हणजे मुठी भरल्यासारखं करायचं आणि 'शुभेच्छा!' म्हणत उघडायच्या. मागून भूत यायचं तेव्हा प्रेक्षकांनी 'मागे बघ, मागे बघ!' म्हणून ओरडायचं असतं. ते दचकवणारं ठरलं. भुताच्या आधी एक मुलगी येऊन सांगणार, "थोड्या वेळाने एक भूत येईल. ते कुणाला काही करणार नाही."

डंकनच्या झग्यावर दोन आक्षेप आले आणि ते एकमेकांच्या तोंडात मारत होते. पुरुषाने झगा घालून बाईची टर उडवू नये, हा पहिला. पुरुषाचा झगा काढून घेणं म्हणजे झगा घालणाऱ्या पुरुषांचा अपमान, हा दुसरा. मी दोघांनाही 'अगदी बरोबर' म्हणाले होते. मग दोघांचीही मर्जी राखायला डंकनला निळा, सैलसर, बाईचाही नाही आणि पुरुषाचाही नाही असा डगला शिवला. तो घालून डंकन आरशासमोर बराच वेळ उभा राहिला.

"मी कोण आहे?" त्याने विचारलं.

"तू आई आहेस."

"मी बॉयलर दुरुस्त करणारा आहे, इमोजेन. फुगेही नाहीत. अगं, कुणाला तरी नाही म्हण ना!"

"कुणाला?"

"कुणालाही. माझ्यापासून सुरुवात कर."

"नाही."

"बघ, जमलं की!"

पण ते फक्त घरात जमतं.

आणि मग नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर फेनेला घरी आली. बसली. मान कलती केली.

"ती हुर्यो," ती म्हणाली.

"त्याचं काय?"

"शाळेत आपण मुलांना सांगतो, एकाला घेरून सगळ्यांनी ओरडू नका. आणि इथे तिकीट काढून त्यांना तेच करायला लावतो. एक वृद्ध गृहस्थ एकटे उभे आहेत आणि शंभर माणसं त्यांच्यावर ओरडताहेत. तू आई आहेस, इमोजेन."

मी आई आहे हे कुणी सांगितलं की माझं डोकं चालायचं थांबतं. मी 'हो, खरंच की' म्हणाले. फेनेलाने पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला. छापूनच आणला होता. बॅरन आला की प्रेक्षकांनी कार्ड बघून एका सुरात म्हणायचं: 'आम्हाला तुमचं वागणं पटलेलं नाही, परंतु माणूस म्हणून आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे.' शिवाय बॅरनने मुळात दुष्ट असू नये. लहानपणी त्याच्याकडे दुर्लक्ष झालं असावं.

"मिस्टर पेपरडाइनांना तूच सांग," ती निघताना म्हणाली. "तुझी सांगायची पद्धत छान आहे."

त्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत सगळीकडे खोकी होती. फेब्रुवारीत ते मुलीकडे, वेल्सला कायमचे चालले होते. हे मला माहीत होतं. म्हणजे हे त्यांचं शेवटचं पँटो, हेही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या खोक्यांमध्ये बसून शहाजिऱ्याचा केक खाणं वेगळं. मी बोलत होते आणि ते ऐकत होते. काय ऐकतात! मान किंचित खाली, हात गुडघ्यांवर. अख्खी हयात लोकांनी त्यांना वाईट बातम्याच सांगितल्यात.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "लोकांच्या भावना जपायला हव्यात. त्यातच माझं आयुष्य गेलं."

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"छे, छे." त्यांनी चहा ओतला, थेंब न सांडता. "माझ्यासमोर लोक हळू बोलतात, इमोजेन. दुकानात शिरलो की रेडिओ बारीक होतो. पबमध्ये गेलो की हसणारी माणसं एकदम खोकायला लागतात. त्यांचा दोष नाही. मला पाहिलं की त्यांना आपलं कुणीतरी आठवतं. बायको असताना ती मला घरी ओरडायची, तेवढं बरं वाटायचं. आता वर्षातून दोन दिवस..." ते थांबले. "जाऊ द्या. आणखी चहा घेणार?"

मला म्हणायचं होतं, नाही, काही झालं तरी तुमची हुर्यो होईल, मी बघते. तोंडातून निघालं, "अर्धा कप."

घरी येऊन मी भांडी अशी काही घासली की डंकनने न बोलता टॅबीला बाहेर नेलं.

पहिला प्रयोग शनिवारी दुपारी होता. हॉल खच्चून भरला. मी पडद्याआड, संहिता हातात धरून, कुणी अडलं तर सांगायला. माझ्या समोरच्या फटीतून पहिली रांग दिसत होती: मधोमध फेनेला, तिच्या एका बाजूला ग्लेनिस, दुसऱ्या बाजूला एनिड, आणि एनिडच्या मांडीशी टॅबी, हातात कार्ड उलटं धरून.

पडदा उघडला. कोपऱ्यात नवरा पेपर वाचत होता. डंकन निळ्या डगल्यात आला आणि म्हणाला, "अगं बाई, काय करू गं मी आता!"

"आलात का शेवटी!" एनिड मोठ्याने म्हणाल्या. "खिडकीखालचा रेडिएटर गळतोय. ऑक्टोबरपासून सांगतेय."

ग्लेनिसने कानात काहीतरी सांगितलं. "ही आई? मग विधवा कुठाय?" एनिड म्हणाल्या. "मी विधवा बघायला आले होते. विधवेचं काम आमच्यासारख्यांना फार आवडतं!"

ग्लेनिस छताकडे बघू लागल्या.

मग गाय आली. मुलीने प्रेमाने विचारलं, "काढू का गं दूध?" गायीच्या मुंडक्यात नॉर्मन, त्यात त्याच्या कानावर जाड कापड. त्याला वाटलं, 'जाऊ का?' की काय असं काही विचारलं असावं. खात्री नसताना माणूस करतो तेच त्याने केलं: मान हलवली. नाही. मुलगी गोंधळली. तालमीत तिला पक्कं सांगितलं होतं, नाही म्हटलं तर काढायचं नाही. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर गाय चिडून दोन पावलं मागे सरकली आणि मागच्या अर्ध्यातून डॉक्टरांची किंकाळी ऐकू आली. दूधच नाही, तर दूध विकून फावडं आणायचा पुढचा प्रसंग बाद. फावडं नाही, तर सलगम निघणार कसा? मी पडद्याआडून पानं उलटत होते. डंकनने वेळ निभवायला पोरांवर शुभेच्छा उधळल्या. पोरांनी त्या जमिनीवर शोधल्या. थोडा वेळ खाली बाकांतून सरपटत शोधल्या, आणि मग एकाने सरळ विचारलं, "खोटं बोललात ना?"

भुताची सूचना देणारी मुलगी आली, सूचना दिली. भूत आलं, त्याने पाहिलं की कुणालाच काही वाटलेलं नाही, आणि ते गेलं.

सगळं होऊ दे, माझा डोळा विंगेकडे होता. मिस्टर पेपरडाइन काळ्या झग्यात, मिशी चिकटवून, ताठ उभे होते. पियानोवर गडगडाट झाला. ते मधोमध आले. हॉलमध्ये पाय सरसावल्याचा, श्वास भरून घेतल्याचा तो दरवर्षीचा आवाज झाला. आणि मग लोकांना आठवलं. कार्डं वर आली.

"नमस्कार," मिस्टर पेपरडाइन म्हणाले. "मी बॅरन. लहानपणी मला कुणी सलगम दिला नाही."

"आम्हाला तुमचं वागणं पटलेलं नाही," शंभर माणसं एका खालच्या सुरात म्हणाली, "परंतु माणूस म्हणून आम्हाला तुमच्याबद्दल आदर आहे."

कागदांची सळसळ झाली. कुणीतरी खोकलं. हा अंत्यविधीतला आवाज गावातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता, आणि मिस्टर पेपरडाइनांच्या तर हाडात मुरलेला. मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. बॅरन मावळला. दोन्ही हात आपोआप समोर जुळले, मान खाली गेली, आणि त्यांनी प्रेक्षकांना हळुवार अभिवादन केलं.

अख्खा हॉल उठून उभा राहिला.

कुणी ठरवलं नव्हतं. पेपरडाइनांनी मान लववली की लिटल हॅडरबी उभं राहतं, एवढंच. पुरुषांनी टोप्या काढल्या. एनिडने रुमाल काढला आणि नवऱ्याचं नाव घेतलं. पियानोवरच्या बाई एरवी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. त्यांच्या हातांनी त्यांना न विचारताच एक संथ स्तोत्र सुरू केलं. कोपऱ्यातला नवरा खुर्चीतून उठला आणि पेपर छातीशी धरून उभा राहिला. त्याचं नाटकातलं ते एकमेव काम. मिस्टर पेपरडाइन वळले आणि संथ, मोजकी पावलं टाकत विंगेकडे निघाले. नॉर्मनला गायीच्या तोंडातून काळ्या झग्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती पाठ दिसली की तिच्या मागे चालायचं असतं हे त्याला माहीत होतं. गाय त्यांच्या मागे, खाली मान घालून, चालू लागली.

ते सरळ माझ्याकडेच येत होते. मिशी एका बाजूने सुटली होती. डोळे कोरडे होते, अत्यंत सौजन्याचे. हे सगळं संपल्यावर ते माझे आभार मानणार, याची मला इतकी खात्री पटली की अंगावर काटा आला.

माझ्या तोंडून एक आवाज निघाला. ती हुर्यो होती असं म्हणवत नाही. दारात शेपूट सापडलेल्या मांजराचा आवाज होता तो. पियानो थांबला. मी कधी पडद्याबाहेर आले ते मला माहीत नाही. मी, घरगुती चपलांमध्ये, सगळ्या गावासमोर, संहिता डोक्याभोवती फिरवत होते. "हुर्यो!" मी ओरडले. "हुर्र्यो! दुष्ट माणूस! चालता हो!"

कुणी हललं नाही. माझ्या मुलीने मला ओळखत नसल्यासारखं पाहिलं.

फेनेला उभीच होती, ती आता वळून लोकांकडे तोंड करून उभी राहिली. "इमोजेन, असं आपलं ठरलेलं नाही. सर्वांनी कृपया शांत राहा. आपण पुन्हा एकदा कार्ड वाचूया. आपल्या मनात जे काही येतंय ते मनातच—"

"हुर्यो," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. साशंकपणे, सुरुवात करून बघावी तसं.

आणि मग हॉल फुटला. विधवा, टॉफ्या, झगा, भूत, सगळ्याची थकबाकी एकदम बाहेर पडली. लोकांनी बाकांवर पाय आपटले. कार्डं हवेत उडाली. टॅबी बाकावर चढून दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होती. एनिड रुमाल फिरवत ओरडत होत्या आणि ग्लेनिस 'मला काही वाटत नाही हो, पण' असं शेजारणीला सांगून मग ओरडत होत्या. आणि हे सगळं फेनेलावर. फेनेला मधोमध, अर्धं वाक्य तोंडात धरून, लालबुंद.

विंगेपाशी पोचलेले मिस्टर पेपरडाइन थांबले. हळूच वळले. त्यांनी ती हुर्यो पाहिली, तिची दिशा पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा शुद्ध मत्सर उमटला की मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. झगा सावरत ते गायीला बाजूला ढकलून रंगमंचाच्या कडेपर्यंत धावत आले.

"ए! तिकडे काय बघताय, कुजक्या बटाट्यांनो!" ते गरजले. आधीच्या पँटोंतही त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "त्या बाईने काय केलंय? दुष्ट इथे आहे! इकडे बघा! तुमचा सलगम मी घेणार, गाय मी घेणार, आणि ग्लेनिस, तुमच्या दोरीवरचे ते गुलाबी पायजमेही मी घेणार!"

हुर्यो फेनेलाला सोडून भुर्रकन रंगमंचाकडे वळली. ते तिच्यात उभे राहिले, हात पसरून, डोळे मिटून, जसं थंडीत माणूस शेकोटीपुढे राहतो. ती ओसरायला लागली की ते आणखी कुणाचा तरी उद्धार करायचे. गावातल्या प्रत्येक घराची त्यांना माहिती होती. कुणालाही त्यांनी वगळलं नाही. ज्यांना शिवी मिळाली नाही त्यांनी हात वर करून मागून घेतली. नाटकाचं पुढे काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. सलगम बहुधा त्यांनीच नेला.

नंतर हॉलच्या स्वयंपाकघरात ते स्टुलावर बसले होते. आवाज बसलेला, मिशी कानाकडे गेलेली.

"एकाने मला कागदाचा बोळा मारला," ते कुजबुजले. "डोक्यात."

"अरे देवा! लागलं का?"

"नाही ना," ते जरा हळहळून म्हणाले. "पण नेम चांगला होता."

दार उघडलं आणि फेनेला आत आली. डंकनने बिस्किटांची बशी खाली ठेवली. मी माफीची सगळी वाक्यं मनात एकदम काढून ठेवली, त्यामुळे एकही बाहेर येईना. तिने कोट नीट केला आणि माझ्याकडे न बघता मिस्टर पेपरडाइनांकडे बघितलं.

"ती हुर्यो आधी मला होती."

"होती, मॅडम."

"मी अजून बोलत होते."

"माफ करा. मला राहवलं नाही."

फेनेलाचे गाल अजून लाल होते. मग तिने मान कलती केली, पण नेहमीच्या बाजूला नाही, दुसऱ्याच.

"इमोजेन," ती म्हणाली, "उद्याच्या प्रयोगाला मी पहिल्या रांगेतूनच उठू, की मधल्या? मधूनच उठले तर मागच्यांनाही मी नीट दिसेन."

"मधल्या," मी म्हणाले.

"आणि मिस्टर पेपरडाइन, उद्या मला वाक्य पूर्ण करू द्या. मग या."